कुरडईतली वाळू

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळ. ऊन नुकतंच पाण्याच्या टाकीमागून वर आलेलं. जागा, थेरगावातल्या आमच्या सोसायटीची गच्ची. हजर: तळमजल्यावरच्या रुक्मिणीकाकू, सोऱ्यासकट. दुसऱ्या मजल्यावरच्या सोनटक्केवहिनी, चिकाचं पातेलं घेऊन. मी, शैला, हाताशी प्लॅस्टिकचे कागद आणि कमरेला गच्चीची किल्ली. कठड्याच्या बाहेर, दोरांवर टांगलेल्या झुल्यात, सुग्रीव ब्लास्टिंगवाला. खाली कंपाउंडमध्ये सोसायटीचे अध्यक्ष सोनटक्केभाऊ, मान वर करून. गैरहजर: माझे यजमान विलासराव. त्यांना जिना चढवत नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळते. तिथे तारीख आणि हजेरी नसलेल्या कागदाला कोणी कागद मानत नाही. त्यामुळे मला आठवतंसुद्धा तसंच. कोण होतं, कोण नव्हतं, काय राहिलं.

आता पुन्हा शिमगा होऊन गेलाय. भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास जिन्यात उतरायला लागलाय, आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून डांगे चौकात उतरून चालत येताना ठिकठिकाणी इमारतींना बांबूच्या परांच्या बांधलेल्या दिसतात. आमच्या भागात उन्हाळ्याची दोन कामं. बायकांचं वाळवण आणि सोसायट्यांची डागडुजी. दोन्ही पावसाच्या आत उरकायची, दोन्हींना कडक ऊन लागतं आणि दोन्हींना गच्ची. बहुतेक वर्षी ती एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. काही वर्षांपूर्वीच्या त्या मार्चमध्ये गेली.

आमची इमारत दगडाची आहे. हे हल्ली मुद्दाम सांगावं लागतं. सातारा, लातूर, नगर, रत्नागिरी अशा चारी दिशांनी कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांनी मिळून ही सोसायटी काढली. जमीन रुक्मिणीकाकूंच्या सासरची, ज्वारीचं शेत होतं. ओळखीतून खाणीवरचा काळा दगड मिळाला म्हणून विटांच्या जागी घडीव दगड आला. आमचे हे तेव्हा नुकते कामाला लागलेले, लग्न व्हायचं होतं. रविवारी सगळे सभासद पायजमे खोचून दगड वाहायचे. जमीन देताना काकूंच्या सासूबाईंनी, त्यांच्या आत्याबाईंनी, एकच अट घातली होती. वाळवणाचं अंगण तुम्ही घेताय, तर उन्हाळ्यात गच्ची बायकांची. म्हणून आमच्याकडे शिमग्याच्या दुसऱ्या दिवसापासून मृग लागेपर्यंत गच्चीची किल्ली कमिटीकडे नसते. ती बायकांकडे पाळीने फिरते. पोरांनी पापडांवर क्रिकेट खेळायचं नाही, पुरुषांनी मोटरसायकलचे सुटे भाग वाळत टाकायचे नाहीत. कितीतरी कमिट्या आल्या आणि गेल्या, हा नियम कोणी मोडला नाही.

दगडाचं काय झालं ते मात्र विचारू नका. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा कोणाच्या तरी पाहुण्यांनी विचारलं, "ही पोलीस चौकी का हो?" झालं. त्या वर्षी उत्साहाच्या भरात सगळ्या काळ्या दगडाला गुलाबी रंग फासला. दोन पावसाळ्यांत गुलाबी सुटायला लागला, त्यावर पिस्ता चढवला. पिस्ता उडाला, त्यावर पिवळा. दगड रंग धरत नाही, हे कळायला आम्हाला तीन रंग लागले. शेवटी भिंत नायटा झाल्यासारखी दिसायला लागली. मग समोर नवा टॉवर उभा राहिला, आणि त्याच्या बिल्डरने पुढच्या बाजूला पातळ दगडी फरश्या चिकटवल्या, दगडी वाड्याचा भास यावा म्हणून. ते बघून सोनटक्केभाऊ जिन्यात मला म्हणाले, "वहिनी, ते लोक नकली दगड चिकटवायलेत, आणि आपण अस्सल दगड रंगाखाली गाडलाय! वाळूचा फवारा मारून सगळा रंग काढून टाकू." मलाही पटलं. सभेत मीही हात वर केला.

तर तो रविवार. कुरडया घालणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. चीक गरम असेपर्यंतच सोऱ्यातून नीट उतरतो. हात भाजतो, पण थांबायचं नाही. पांढरी, ओली, चकाकती वेटोळी एकाशेजारी एक पडत जातात, गच्चीवर जाईचा वेल फुलावा तशी. रुक्मिणीकाकू सोऱ्या फिरवत होत्या, सोनटक्केवहिनी चीक भरत होत्या, मी कागद सरकवत होते. तेवढ्यात खाली कंप्रेसर सुरू झाला. कुकरची शिट्टी व्हावी आणि थांबूच नये, तसा आवाज. कठड्यापलीकडून पिवळट ढग उठला. सुग्रीव त्यात दिसेनासा झाला, नुसती दोरी हलत होती.

मी कठड्याशी जाऊन ओरडले, "भाऊ, धूळ वर येतेय!"

खालून सोनटक्केभाऊ ओरडले, "वाळू जड असते वहिनी! खाली जाते! वर येत नाही!"

रुक्मिणीकाकूंनी सोऱ्यावरची नजर उचलली नाही. "त्यो खाली हुबा हाय ना, त्याला समदं खालीच जाताना दिसणार. वर येऊन बघ म्हणावं."

"ते नाही येणार," सोनटक्केवहिनी म्हणाल्या. "वर आले तर चीक ढवळायला लावेन, हे माहितीये त्यांना."

आम्ही हसलो आणि हात चालवत राहिलो. ओली कुरडई टाकून उठता येत नाही. दुपारपर्यंत कुरडया वाळल्या, जरा मळकट वाटल्या. आम्ही म्हटलं, यंदा गहूच तसा असेल. डब्यात भरल्या.

पुढचे दिवस वाळूचे. ती खिडकीच्या फटीत आली, विजेच्या बटणांत आली, देवाच्या ताम्हनात आली. पोळी लाटताना लाटण्याखाली करकरली. केस विंचरले की कंगव्यात, चष्मा पुसला की काचेवर बारीक रेघ. सुती साड्यांच्या घड्या उलगडल्या तर त्यांच्या मोडीत एक-एक पिवळी रेघ बसलेली. या सगळ्याचं मला फार काही वाटलं नसतं. झाडू माझ्या हाताला सवयीचा आहे. पण मंगळवारी ह्यांच्या उशीच्या अभ्र्यावर मी हात फिरवला, आणि तळव्याला ती लागली.

ह्यांनी भोसरीकडच्या एका फाउंड्रीत नोकरी काढली. वाळूच्या साच्यात लोखंड ओततात, ते गार झालं की साचा फोडून त्याला चिकटलेली वाळू घासून, ठोकून काढतात. ते त्यांचं खातं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात ते पहिल्या पाळीवरून घरी आले तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या होत्या. मी हसले होते. म्हटलं, नवरा सकाळी तरुण जातो आणि दुपारी म्हातारा होऊन येतो. त्यांचा खाकी गणवेश बादलीत भिजवला की तळाशी वाळूचा थर बसायचा, मऊ, पिठासारखा. मी तो तुळशीच्या कुंडीत ओतायचे. माती भुसभुशीत राहते म्हणून. इतकी वर्षं मला वाटायचं, सगळी वाळू बादलीत उतरते.

आता ते पलंगावरून संडासपर्यंत जातात आणि मध्ये खुर्चीत बसतात. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबतात, श्वास आला की पुढचा शब्द. बाहेर ढग उठला की त्यांची छाती आधी सांगते. त्या आठवड्यात खोकल्याची उबळ आली की ओठ निळे पडायला लागले. खिडक्या बंद करून, फटींना ओले टॉवेल लावून मी कामावर जायचे, आणि चाकणला स्टोअर्समध्ये बसून वाट बघायचे ती फोनची. फोन नाही आला तर बरं, या अर्थाने.

बुधवारी सोनटक्केभाऊ घरी आले. चांगला माणूस, खोटं कशाला बोलू. ह्यांच्याच बरोबरीचे, दुसऱ्या कारखान्यात टूलरूमला होते. खुर्चीत बसले, ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "वहिनी, एक सुचवू? महिन्याभराचं तर काम आहे. विलासरावांना तळेगावला पाठवा की बहिणीकडे. हवा चांगलीय तिकडं. जरा ॲडजस्ट करायचं."

हे म्हणाले, "जातो... मी. उगाच... भांडू नको."

मी चहाचा कप खाली ठेवला. या 'ॲडजस्ट' शब्दाचं मला आयुष्यभर नवल वाटत आलंय. आमच्या या सगळ्या पट्ट्यात, पिंपरीपासून चाकणपर्यंत, दुसरा कुठला शब्द इतका वापरत नसतील. शिफ्ट बदलली, ॲडजस्ट करा. बस भरली, ॲडजस्ट करा. नाल्याला वास येतो, सारखे रस्ते खणतात, कंपनीचा भोंगा रविवारीही वाजतो, ॲडजस्ट करा. आणि हा शब्द नेहमी जो आधीच आक्रसून बसलाय त्यालाच सांगतात. पाय पसरून बसलेल्याला कोणी म्हणत नाही. ज्या माणसाने वाळू खाऊन नोकरी केली, रविवारी दगड वाहून हे घर उभं केलं, त्यालाच आता भिंत चकचकीत करायची म्हणून घरातून उठ म्हणायचं. आणि तोही उठायला तयार! याचा मला जास्त राग आला.

"भाऊ," मी म्हटलं, "माणूस हलणार नाही. वाळू हलवा."

"म्हणजे काय करू?"

"आमच्या कंपनीत असलं काम बंद खोलीत करतात, माणूस बाहेर उभा राहून. इथे खोली करता येत नाही, तर वाळू बंद करा. गार्नेट नावाच्या खनिजाचा रवा मिळतो, तो वाळूसारखा छातीत बसत नाही, तो वापरा. नळीच्या तोंडाशी पाणी सोडा, म्हणजे धूळ उडणार नाही. झुल्याभोवती जाळी बांधा. आणि त्या वर लटकणाऱ्या माणसाला हवेच्या नळीचा टोप द्या."

"ठेकेदार ऐकणार नाही. वेळ दुप्पट लागतो त्याला. अन् पाणी?" भाऊंचा आवाज चढला. "एक दिवसाआड पाणी येतं आपल्याला. माणसांना पुरत नाही, भिंतीला पाजू का?"

"ते सभेत बोलू."

"सभा येत्या रविवारी. काम तर उद्या सकाळी सुरू होणार."

"होईल का?" मी म्हटलं. त्यांना तेव्हा कळलं नाही.

झुल्याचे दोर गच्चीवरच्या लोखंडी कड्यांना बांधतात. रोज संध्याकाळी सोडतात, रोज सकाळी तपासून पुन्हा बांधतात. गच्चीला कुलूप असतं. आणि शिमगा झालेला होता.

गुरुवारी मी रजा टाकली. सकाळी सुग्रीव दारात आला. बीडकडचा गडी, तिशीच्या आतला, डोक्याला आणि नाकाला एकाच गमछ्याचं वेटोळं.

"मावशी, किल्ली द्या की. ऊन चढायच्या आत एक पट्टा मारायचाय."

"नाही मिळणार. वाळवण आहे."

"कुटंय वाळवण? गच्ची तर मोकळी दिसायलीय."

"उद्या आहे."

"आन परवा?"

"परवा पण आहे."

तो हसला. "मंग मी काय करू? तुमच्या कुरडया राखत बसू?"

"बस. कबुतरं फार झालीत यंदा."

दुसऱ्या दिवशी तो हसला नाही. शुक्रवारी उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला आणि आतल्या पलंगाकडे बघून म्हणाला, "काकांना तरास व्हायलाय, कबूल हाय मला. पन माझी हजेरी बुडायलीय, तिचं काय? मी काय हौसेनं वाळू खायलोय का? तुमी मोठी मान्सं भांडायची, आन आमी खाली बसून बिड्या वडायच्या."

मी त्याला चहा दिला. गमछा खाली ओढून तो फुंकर मारत प्यायला लागला, तेव्हा मला त्याच्या भुवया दिसल्या. पापण्यासुद्धा. मी हातातली गाळणी तशीच धरून उभी राहिले.

"खोकला येतो का रे तुला?"

"येतो की. कामाचा खोकला हाय त्यो. गावाकडं गेलं की बसतो."

आतून ह्यांचा आवाज आला. "सुट्टीत... बसतो ना? माझा पण... बसायचा."

सुग्रीवने आत पाहिलं, मग कपात पाहिलं. कप उंबऱ्यावर ठेवून खाली गेला. पण त्यानंतर किल्ली मागायला आला नाही, आणि ठेकेदाराने फोनवर त्याला झापलं तेव्हा त्याचं उत्तर जिन्यातून मला ऐकू आलं. "बायकांच्या हातात किल्ली हाय साहेब. तुमीच या आन मागून बघा."

ठेकेदार आला नाही. सोनटक्केभाऊ मात्र आले, दोनदा. पहिल्यांदा नियम सांगत, दुसऱ्यांदा कुलूप तोडायची भाषा करत. दुसऱ्या वेळी रुक्मिणीकाकू माझ्या दारातच भाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तोड की. आमच्या आत्याबाईंची अट मोडायची हाय ना? मोड. मंग आमचं ज्वारीचं शेत बी परत दे. आमी हितंच पेरनी करतो, तुमच्या पार्किंगमधी."

शनिवारी संध्याकाळी मी ह्यांच्यासाठी त्या रविवारच्या दोन कुरडया तळल्या. तेवढंच तोंडाला चव. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला, चावला, आणि चावायचे थांबले. मला वाटलं उबळ आली. पण ते हसत होते. खांदे हलत होते, आवाज येत नव्हता.

"काय झालं?"

"फाउंड्रीतला... डबा," ते म्हणाले. "अगदी... तसाच. तिथं भेंडीची भाजी पण... अशीच लागायची."

मी एक तुकडा तोंडात टाकला. कच्! दाढेतून मेंदूपर्यंत गेली ती वाळू. ओल्या कुरडईवर बसलेली, चिकाबरोबर वाळलेली, तुपातेलात तळून खमंग झालेली. वाळू जड असते, वर येत नाही! मी डबा उघडून सगळ्या कुरडया टेबलावर मांडल्या आणि खरं सांगते, मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. लगेच सोनटक्केवहिनींकडे गेले. त्या डब्यातला निम्मा चीक त्यांचा होता.

सभा रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गाड्या बाहेर काढलेल्या. ह्यांना मी आणि सुग्रीवने खुर्चीसकट उचलून खाली आणलं. सभेला चहा असतो, त्या दिवशी चहाबरोबर कुरडया होत्या. मोठं ताट भरून, गरम, पांढऱ्या, फुललेल्या. सोनटक्केवहिनींनी ताट स्वतः नेऊन नवऱ्यापुढे धरलं.

"घ्या. आपल्याच घरचा चीक आहे."

मग ओळीने आवाज यायला लागले. कच्, कच्, कच्. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदाने हातरुमालात थुंकलं. कोणी म्हणालं, "अहो, यात खडे आहेत." कोणी म्हणालं, "मीठ जाड पडलंय का?" एका बाईंनी दाढेला हात लावला.

"वाळू आहे," मी म्हटलं. "भिंतीवरची. गच्चीवर वाळत घातल्या होत्या, पाचव्या मजल्याच्याही वर. वर येत नाही म्हणून सांगितलं होतं."

सगळ्यांचे डोळे सोनटक्केभाऊंकडे. त्यांच्या तोंडात घास होता. त्यांनी आमच्याकडे रोखून पाहिलं आणि तो चावला. कचकचत, शेवटपर्यंत चावला आणि गिळला. वर एक घोट चहा. मला त्या क्षणी त्या माणसाचं कौतुक वाटलं.

"बरं," ते म्हणाले, "गेली वाळू पोटात. काय झालं मला? काही झालं का?"

तेव्हा हे बोलले. मोठ्याने बोलण्याइतका दम नव्हता, त्यामुळे सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

"पोटातून... निघते, सोनटक्के. छातीतून... निघत नाही."

भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला.

भाऊंनी लगेच हार मानली असं नाही. पाण्याचा प्रश्न त्यांनी धरून ठेवला, आणि तो खरा होता. तेव्हा रुक्मिणीकाकू उठल्या. "बोअर हाय की मागं. आमच्या शेतातलीच हाय ती. तुमी गाड्या धुता ना तिच्या पान्यानं? दोन महिनं गाड्या धुळीत ऱ्हाऊ द्या. गाडी मळली म्हनून मरत न्हाई."

यावर मात्र पुरुषांनी भिंतीपेक्षा जास्त वाद घातला. पण हात वर झाले, मोजायची गरज पडली नाही. वाळू बंद, गार्नेट सुरू, पाणी, जाळी, टोप. सोमवारी मी किल्ली स्वतःच्या हाताने सुग्रीवला दिली.

त्यानंतरचे आठवडे मला त्या सगळ्या हंगामातले सगळ्यात देखणे वाटतात. धूळ नाही, चिखल. भिंतीवरून आधी पिवळा ओघळ उतरायचा, मग पिस्ता, मग गुलाबी. पार्किंगमध्ये तिन्ही रंगांचा राडा. चपला घसरायच्या, सभासद शिव्या द्यायचे, मी खराटा घेऊन उभी. आणि त्या राड्याच्या वर, वीतवीत करून, दगड उघडा व्हायचा. ओला काळाभोर, टाकीचे घाव तसेच्या तसे. ऊन लागलं की निळसर राखाडी. खिडकीला पाठ लावून बसलेल्या ह्यांना मी एकेक पट्टा झाला की सांगायचे. उत्तरेची बाजू झाली. पूर्वेची झाली. सुग्रीव टोपातून ओरडायचा, "मावशी, या मडक्यात मी भाजायलोय! तुमीच घाला अन् बघा!" मी खालून ओरडायचे, "काढलास तर किल्ली परत घेईन!" तो टोपाच्या काचेतून जीभ दाखवायचा. ह्यांच्या खिडक्या उघड्या होत्या, आणि फटींतले टॉवेल मी धुऊन वाळत घातले होते.

तीन बाजू झाल्या. मे संपता संपता बोअरला नुसती हवा यायला लागली. नळी गुरगुरायची, थुंकायची, गप्प व्हायची. ठेकेदाराने झुला उतरवला, सुग्रीव पुढच्या साइटला गेला. जाताना टोप घेऊन गेला, तो सोसायटीचा होता. कोणी मागितला नाही. चार दिवसांत पाऊस आला.

पश्चिमेची भिंत राहिली.

ती आजही तशीच आहे, पिवळी, मध्येमध्ये पिस्ता, मध्येमध्ये गुलाबी. तीन बाजूंनी आमची इमारत बघायला लोक थांबतात, चौथ्या बाजूने नाक मुरडतात. दर उन्हाळ्यात हा विषय निघतो. नव्याने फ्लॅट घेतलेली तरुण मंडळी आहेत, त्यांना त्या वर्षीचं काही माहीत नाही. ग्रुपवर मेसेज येतो, एका बाजूचं तर काम आहे, कोरडं ब्लास्टिंग केलं तर एका दिवसात होईल, जरा ॲडजस्ट करूया. मी लिहिते, पाण्याने करा. ते विचारतात, पाणी कुठून आणायचं? बोअर आता मार्चमध्येच आटते. मी तरीही तेच लिहिते. आणखी कोणी उत्तर देत नाही. मला त्याचं काही वाटत नाही, ग्रुपवर एकटं राहायला फार दम लागत नाही.

पण परवा हे बोलले. खुर्ची मी पश्चिमेच्या गॅलरीत ठेवली होती. ते बराच वेळ कठड्याखालच्या सोललेल्या रंगाकडे बघत होते, आणि नखाने एक पिवळी खपली काढत होते.

"ही बाजू... आमच्या गँगची," ते म्हणाले. "वरून तिसरा थर... मी रचलाय. कोपऱ्याला एक दगड... उलटा बसलाय. मिस्त्री... फार बोलला होता."

इतक्या वर्षांत ह्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं.

"बघायचाय... एकदा." श्वास घेतला. "होऊ दे ना... कोरडं. एक दिवस... दारं लावून बसतो. मला... चालतंय."

"मला नाही चालत," मी म्हटलं.

"तू... ऐकत नाहीस."

"नाही ऐकत."

ते चिडले. चिडायलाही दम लागतो, म्हणून नुसती मान फिरवली. मी आत जाऊन एका टँकरवाल्याला फोन लावला. मग दुसऱ्याला, मग तळेगावकडच्या तिसऱ्याला. एप्रिलमध्ये कोणीच सलग आठवडाभर टँकर द्यायला तयार नाही. एक म्हणाला, "ताई, भिंत धुवायला पाणी? लोक मारतील मला." दुसऱ्याने, बघतो, म्हणून ठेवून दिला. पिस्त्याखाली, गुलाबीखाली तो उलटा दगड आहे, वरून तिसऱ्या थरात, कोपऱ्याला. ह्यांचा श्वास आहे तोवर तो उघडा व्हायला हवा, आणि तो कोरड्या वाळूने होणार नाही. दोन्ही गोष्टी माझ्याच आहेत, दोन्ही मी सोडणार नाही. टँकरवाल्याला उद्या पुन्हा फोन करायचा आहे.